बंदर प्राधिकरण

बंदर प्राधिकरण म्हणजे एखाद्या सागरी बंदराचे जलक्षेत्र, किनाऱ्यावरील जमीन, धक्के आणि जहाजवाहतूक यांचा कारभार पाहण्यासाठी कायद्याने स्थापन केलेली सार्वजनिक संस्था होय. जहाजांना सुरक्षितपणे आत आणणे, त्यांना धक्क्यावर जागा देणे, मालाच्या चढ-उताराची व्यवस्था लावणे, त्यासाठी शुल्क आकारणे आणि बंदराच्या विस्ताराची आखणी करणे ही तिची मुख्य कामे आहेत. भारतात या संस्था दीर्घकाळ ‘पोर्ट ट्रस्ट’ म्हणजे बंदर विश्वस्त मंडळ या नावाने ओळखल्या जात. प्रमुख बंदर प्राधिकरण अधिनियम, २०२१ लागू झाल्यानंतर त्यांचे रूपांतर प्राधिकरणांत झाले.

खोल पाणी, वाऱ्या-लाटांपासून आडोसा आणि मागे रस्ता व रेल्वे नेता येईल अशी जमीन या तिन्ही गोष्टी एकत्र असलेली ठिकाणे थोडीच असतात. त्यामुळे बंदर ज्याच्या हाती असते, त्याच्या हाती त्या प्रदेशाच्या व्यापाराची किल्लीच असते. बंदर सरकारने चालवावे, स्वायत्त मंडळाने चालवावे की खासगी कंपनीने, हा प्रश्न मुंबईत एकोणिसाव्या शतकात उभा राहिला आणि आजही तो वेगळ्या स्वरूपात चर्चिला जातो.

कार्यक्षेत्र आणि कार्ये

प्रत्येक बंदराची हद्द सरकारी अधिसूचनेने ठरवलेली असते. तिच्यात समुद्रातील ठरावीक क्षेत्र, जहाजे आत येण्याचा मार्ग, नांगर टाकण्याच्या जागा, धक्के, गोद्या, गोदामे आणि बंदराच्या मालकीची जमीन यांचा समावेश होतो. या हद्दीत प्राधिकरणाची कामे स्थूलमानाने चार प्रकारची असतात.

पहिले काम जलमार्गाच्या देखभालीचे. नद्या व खाड्या सतत गाळ आणून टाकतात. तो वेळोवेळी उपसला नाही तर मार्गाची खोली घटते आणि मोठी जहाजे येईनाशी होतात. मार्ग दाखवणारे तरंगते बोये जागेवर ठेवणे आणि बुडालेल्या जहाजांचे अडथळे दूर करणे हीदेखील याच कामाची अंगे आहेत. भारतातील प्रमुख बंदरांत हा विभाग उपसंरक्षक या अधिकाऱ्याच्या अखत्यारीत असतो.

दुसरे काम पायाभूत सुविधांचे : धक्के, लाटा अडवणारे बांध, अंतर्गत रस्ते, रेल्वेमार्ग, वीज व पाणी. तिसरे काम नियमनाचे : जहाजांचा क्रम ठरवणे, धोकादायक मालासाठी नियम करणे, दरपत्रक जाहीर करणे. चौथे काम नियोजनाचे. धक्का बांधण्यास अनेक वर्षे लागतात आणि तो पुढे कित्येक दशके वापरला जातो. म्हणून जहाजांचा आकार व मालाचे स्वरूप कसे बदलेल, याचा अंदाज आधीच बांधावा लागतो.

बंदरात दिसणारी प्रत्येक शासकीय यंत्रणा प्राधिकरणाचा भाग नसते. सीमाशुल्क विभाग वित्त मंत्रालयाच्या अधीन असतो. परदेशी खलाशी व प्रवासी यांची तपासणी, बंदरातील आरोग्य अधिकारी, केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल, तटरक्षक दल आणि नौदल यांचे अधिकार स्वतंत्र असतात. या सर्वांच्या कामात मेळ घालणे ही मात्र प्राधिकरणाची जबाबदारी असते.

जहाजाचे आगमन आणि प्रस्थान

जहाज येण्यापूर्वी त्याचा स्थानिक प्रतिनिधी बंदराला जहाजाची लांबी, पाण्यात बुडणारी खोली, माल आणि अपेक्षित वेळ कळवतो. त्यावरून कोणत्या जहाजाला कोणता धक्का कधी द्यायचा, हे ठरते. जहाज बंदराच्या मुखाशी आले की प्राधिकरणाचा पायलट होडीने जाऊन त्यावर चढतो. स्थानिक प्रवाह, भरती-ओहोटी आणि उथळ जागा यांची त्याला बारकाईने माहिती असते. तो मार्गदर्शन करीत असला तरी जहाजाची अंतिम जबाबदारी कप्तानाकडेच राहते. धक्क्याजवळ टगबोटी जहाजाला हळूहळू ढकलून किंवा ओढून जागेवर लावतात.

त्यानंतर यारीच्या साहाय्याने माल उतरवला जातो. कोळसा, खनिज, धान्य, तेल, मोटारी आणि कंटेनर यांसाठी वेगवेगळी साधने व वेगवेगळे धक्के लागतात. सीमाशुल्काची पूर्तता होऊन आयातदाराने माल उचलला की बंदराचे काम संपते. सवलतीची मुदत उलटूनही माल पडून राहिल्यास डेमरेज म्हणजे विलंबशुल्क द्यावे लागते. यामागचा हेतू केवळ उत्पन्नाचा नसतो. एका व्यापाऱ्याचा पडून राहिलेला माल इतरांची जागा अडवतो. बंदराची देणी चुकती झाल्यावर आणि सीमाशुल्क विभागाने परवानगी दिल्यावर जहाजाला निघता येते.

उत्पन्नाची साधने

प्राधिकरणाचे उत्पन्न तीन मार्गांनी येते. जहाजांकडून बंदर शुल्क, पायलट शुल्क आणि धक्क्याचे भाडे घेतले जाते. ते प्रामुख्याने जहाजाच्या टनभारावर आणि मुक्कामाच्या कालावधीवर ठरते. मालावर वजन, प्रकार किंवा कंटेनरच्या संख्येनुसार धक्काशुल्क आकारले जाते. तिसरा मार्ग जमिनीचा : गोदामे, तेलाच्या टाक्या आणि भाडेपट्ट्याने दिलेले भूखंड यांचे भाडे, तसेच खासगी टर्मिनलकडून मिळणारा महसुलाचा वाटा किंवा स्वामित्वशुल्क. देशांतर्गत किनारी वाहतुकीला प्रोत्साहन म्हणून सवलतीचे दर लावण्याची प्रथा आहे.

व्यवस्थापनाचे प्रकार

बंदराची जमीन, यंत्रसामग्री आणि कामगार कोणाचे आहेत, यावरून बंदरांचे चार प्रकार मानले जातात.

सेवा बंदर : जमीन, धक्के, यारी आणि कामगार सर्व प्राधिकरणाचेच असतात. भारतातील जुनी प्रमुख बंदरे बहुतांशी अशा प्रकारे चालत.

साधन बंदर : धक्के व यंत्रे प्राधिकरणाची असतात, मालाची चढ-उतार मात्र खासगी कंत्राटदार करतात.

भूस्वामी बंदर : जमीन आणि जलमार्ग प्राधिकरणाकडे राहतात. टर्मिनल ठरावीक मुदतीच्या कराराने कंपन्यांना चालवायला दिले जाते आणि यंत्रे व कामगार त्या कंपन्यांचे असतात. ‘लँडलॉर्ड पोर्ट’ या इंग्रजी नावानेच हा प्रकार अधिक परिचित आहे. नेदरलँड्समधील रॉटरडॅम हे त्याचे ठळक उदाहरण होय. तेथील प्राधिकरण २००४ मध्ये कंपनीत रूपांतरित झाले, पण तिचे भागधारक रॉटरडॅम शहर आणि डच सरकार हेच आहेत.

खासगी बंदर : जमिनीसह संपूर्ण बंदर कंपनीच्या मालकीचे असते. ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकात अनेक बंदरे या मार्गाने गेली.

सिंगापूरने नियमन आणि व्यवसाय यांची फारकत केली. १९९६ मध्ये तेथे नियमनासाठी स्वतंत्र सागरी व बंदर प्राधिकरण स्थापन झाले आणि पुढील वर्षी टर्मिनल चालवणाऱ्या संस्थेला कंपनीचे रूप देण्यात आले. नियम करणारा आणि नफा मिळवणारा एकच असू नये, हे त्यामागील तत्त्व होते.

भारतातील कायदेशीर चौकट

भारतीय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार प्रमुख बंदरे केंद्राच्या सूचीत, तर अन्य बंदरे समवर्ती सूचीत येतात. त्यामुळे प्रमुख बंदरांचा कारभार केंद्रीय बंदरे, नौवहन व जलमार्ग मंत्रालयाच्या अखत्यारीत चालतो आणि उरलेली बंदरे राज्य सरकारे सांभाळतात. ‘प्रमुख’ व ‘लहान’ हा भेद कायदेशीर आहे, आकाराचा नाही. गुजरातमधील मुंद्रा हे मोठी उलाढाल असलेले खासगी बंदर कायद्याच्या भाषेत लहान बंदरांत मोडते.

भारतीय बंदर अधिनियम, १९०८ याने बंदरांची हद्द, सुरक्षितता आणि शुल्क यांचे मूलभूत नियम घालून दिले होते. त्याची जागा घेणारा भारतीय बंदर अधिनियम संसदेने २०२५ मध्ये संमत केला. प्रमुख बंदरांच्या प्रशासनासाठी १९६३ मध्ये प्रमुख बंदर विश्वस्त अधिनियम करण्यात आला. आपापल्या स्वतंत्र कायद्यांनुसार चालणारी मुंबई, कलकत्ता व मद्रास ही जुनी बंदरे १९७० च्या दशकात त्याखाली आली. १९९७ मध्ये दर ठरवण्यासाठी महसूली हितसंबंधांपासून अलग असे प्रमुख बंदर प्रशुल्क प्राधिकरण नेमण्यात आले.

२०२१ च्या कायद्याने ही रचना बदलली. पूर्वीच्या १७ ते १९ सदस्यांच्या विश्वस्त मंडळांऐवजी ११ ते १३ सदस्यांची आटोपशीर मंडळे आली. त्यांत अध्यक्ष व उपाध्यक्ष यांच्याशिवाय संबंधित राज्य सरकार, रेल्वे, संरक्षण आणि सीमाशुल्क यांचे प्रतिनिधी, केंद्राचा नामनिर्देशित सदस्य, स्वतंत्र सदस्य आणि कर्मचाऱ्यांचे दोन प्रतिनिधी असतात. दर ठरवण्याचा अधिकार प्रशुल्क प्राधिकरणाकडून या मंडळांकडे आला आणि तंट्यांसाठी न्यायनिर्णय मंडळाची तरतूद करण्यात आली. मंडळे लहान झाल्याने निर्णय लवकर होतील, असे समर्थक म्हणतात. तर बंदराशी संबंधित घटकांचे प्रतिनिधित्व घटले, असा आक्षेप कामगार संघटनांकडून घेतला गेला.

मुंबई बंदर

मुंबई बंदराच्या इतिहासात बंदर प्रशासनाची जवळजवळ सर्व स्थित्यंतरे पाहावयास मिळतात. १८६० च्या दशकात कापसाच्या तेजीच्या काळात शहराच्या पूर्व किनाऱ्यावर भराव घालून धक्के उभारण्याचे काम एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनी ही खासगी कंपनी करीत होती. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, जहाजांची वर्दळ वाढण्याची चिन्हे दिसू लागली आणि किनाऱ्याचा मोठा भाग एकाच कंपनीच्या हाती असणे व्यापाराला घातक ठरेल, अशी धास्ती सरकारला वाटू लागली. सरकारने कंपनीची मालमत्ता विकत घेतली आणि ती सांभाळण्यासाठी २६ जून १८७३ रोजी मुंबई पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. मक्तेदारीपासून किनारा सोडवणे, हा या संस्थेच्या जन्मामागील एक प्रमुख हेतू होता. तिचे पहिले अध्यक्ष कर्नल जे. ए. बॅलार्ड यांचे नाव पुढे बॅलार्ड इस्टेट या भागाला देण्यात आले.

ससून कुटुंबाने बांधलेली व १८७५ मध्ये सुरू झालेली ससून गोदी १८७९ मध्ये ट्रस्टने घेतली. त्यानंतर प्रिन्सेस गोदी (१८८०), व्हिक्टोरिया गोदी (१८८८) आणि अलेक्झांड्रा गोदी (१९१४) बांधण्यात आल्या. अलेक्झांड्रा गोदी आता इंदिरा गोदी म्हणून ओळखली जाते. तिच्या खोदकामातून निघालेल्या मातीचा उपयोग बॅलार्ड इस्टेटच्या भरावासाठी झाला. मुंबईत भरती-ओहोटीतील फरक मोठा असल्याने या गोद्यांना दरवाजे असतात आणि ते बंद करून आतील पाण्याची पातळी राखली जाते. ट्रस्टने स्वतःचा रेल्वेमार्गही चालवला. जमीन, धक्के, रेल्वे, रुग्णालय आणि वसाहती असा हा विस्तृत संसार होता.

कंटेनरच्या युगात हीच जुनी रचना अडचणीची ठरली. मोठी कंटेनर जहाजे दरवाज्यांच्या अरुंद गोद्यांत मावत नाहीत आणि कंटेनर रचण्यासाठी लागणारी मोकळी जागा दाट वस्तीच्या शहरात मिळत नाही. पुढे प्रिन्सेस व व्हिक्टोरिया या गोद्या बुजवण्यात आल्या. आज मुंबई बंदरात जवाहर द्वीप व पीर पाव येथील तेल व रसायनांची वाहतूक महत्त्वाची आहे. शहराच्या पूर्व किनाऱ्यावरील विस्तीर्ण जमीन प्राधिकरणाकडे असल्याने तिचा उपयोग बंदरासाठी व्हावा, भाडेकरूंच्या पुनर्वसनासाठी व्हावा, की नागरिकांना समुद्रकिनारा खुला करण्यासाठी, हा मुंबईच्या नियोजनातील मोठा प्रश्न बनला आहे.

जवाहरलाल नेहरू बंदर

मुंबई बंदरावरील ताण कमी करण्यासाठी रायगड जिल्ह्यात उरण तालुक्यातील न्हावा-शेवा येथे बांधलेले हे बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. देशातील पहिले खासगी कंटेनर टर्मिनल येथेच उभे राहिले. १९९७ मध्ये ३० वर्षांच्या मुदतीचा करार झाला आणि १९९९ मध्ये काम सुरू झाले. ‘बांधा, वापरा व हस्तांतरित करा’ या तत्त्वावरील या प्रयोगानंतर इतर कंपन्यांची टर्मिनलेही आली. प्राधिकरण स्वतः चालवत असलेले मूळ टर्मिनलही २०२२ मध्ये खासगी कंपन्यांकडे सोपवण्यात आले आणि हे बंदर पूर्णपणे भूस्वामी पद्धतीचे झाले. प्रमुख बंदरांतील कंटेनर वाहतुकीचा सुमारे निम्मा वाटा या बंदराकडे आहे.

एकाच बंदरात अनेक टर्मिनले असल्याने दर व सेवा यांत स्पर्धा राहते, हा या पद्धतीचा लाभ मानला जातो. तिच्या मर्यादाही दिसून आल्या आहेत. जून २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या संगणकीय हल्ल्यात येथील एका टर्मिनलची यंत्रणा ठप्प झाली. टर्मिनल कंपनीचे असले तरी अडकलेल्या कंटेनरांसाठी सोय पाहण्याची जबाबदारी बंदर प्रशासनावर आली. काम सोपवता येते, पण उत्तरदायित्व सोपवता येत नाही, असा या घटनेचा अर्थ लावता येतो.

राज्यांच्या अखत्यारीतील बंदरे

गुजरातने १९८० च्या दशकाच्या प्रारंभी सागरी मंडळ स्थापन केले. महाराष्ट्रात १९९६ मध्ये महाराष्ट्र सागरी मंडळाची स्थापना झाली. राज्यातील ४८ लहान बंदरे या मंडळाच्या अधीन आहेत. त्यांपैकी दिघी, जयगड आणि धरमतर येथे खासगी कंपन्यांमार्फत व्यापारी वाहतूक चालते. इतर अनेक ठिकाणी मुख्यतः मासेमारी व प्रवासी होड्यांची ये-जा असते. गोव्यातील मुरगाव हे प्रमुख बंदर असून ते १९६४ पासून विश्वस्त मंडळाकडे आले. लोहखनिजाची निर्यात हा त्याचा दीर्घकाळ मुख्य आधार होता. २०१२ मध्ये गोव्यातील खाणकाम थांबल्यावर त्याची वाहतूक घटली. एकाच मालावर विसंबलेल्या बंदराची आर्थिक स्थिती किती नाजूक असते, हे त्यावरून दिसते.

सुरक्षितता

बंदरातील नियम किती मोलाचे असतात, याचे सर्वांत भीषण उदाहरण मुंबईतच घडले. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाला आग लागून प्रचंड स्फोट झाले. जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि त्याच जहाजात कापसाच्या गाठीही भरलेल्या होत्या. युद्धकाळाच्या निकडीमुळे असे जहाज थेट गोदीत आणण्यात आले होते. शेकडो माणसे मृत्युमुखी पडली, गोद्या आणि आसपासची वस्ती उद्ध्वस्त झाली. आग विझवताना प्राण गमावलेल्या अग्निशामक जवानांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. ज्वालाग्राही व स्फोटक माल एकत्र न ठेवणे, धोकादायक मालाची आगाऊ सूचना देणे आणि त्यासाठी वेगळ्या जागा राखणे या नियमांचे महत्त्व अशा दुर्घटनांतून अधोरेखित झाले.

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईच्या समुद्रात ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया ३’ या जहाजांची टक्कर झाली. तेल सांडले, कंटेनर पाण्यात पडून वाहू लागले आणि मुंबई व न्हावा-शेवा या दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस बंद ठेवावी लागली. दोन्ही बंदरांची प्रशासने निराळी असली तरी त्यांच्याकडे येणारी जहाजे एकाच सागरी मुखातून येतात. त्यामुळे संपर्क आणि वाहतूक नियंत्रणातील समन्वयाची निकड या अपघाताने स्पष्ट केली. १ जुलै २००४ पासून आंतरराष्ट्रीय जहाज व बंदर सुविधा सुरक्षा संहिता लागू असून तिच्यानुसार प्रत्येक बंदराला सुरक्षा आराखडा तयार ठेवावा लागतो.

गोदी कामगार

बंदरातील काम पूर्वी पूर्णतः अनियमित असे. जहाज आले तर रोजगार, नाही तर उपास, अशी गोदी कामगारांची स्थिती होती आणि भरती टोळीवाल्यांच्या हाती होती. गोदी कामगार (रोजगार नियमन) अधिनियम, १९४८ मुळे कामगारांची नोंदणी व किमान कामाची हमी यांची व्यवस्था झाली आणि मुंबईत गोदी कामगार मंडळ स्थापन झाले. पी. डिमेलो यांच्या नेतृत्वाखालील संघटनेचा मुंबईच्या गोद्यांतील कामगार चळवळीत मोठा वाटा होता; बंदरालगतच्या रस्त्याला त्यांचे नाव आहे. कंटेनर व यांत्रिकीकरणामुळे पूर्वी अनेक टोळ्यांना काही दिवस लागणारे काम थोड्या तासांत होऊ लागले. प्रमुख बंदरांतील कायम कामगारांची संख्या घटत गेली आणि कंत्राटी कामगारांचे प्रमाण वाढले. भूस्वामी पद्धतीत कामगार टर्मिनल कंपनीचे असल्याने त्यांच्या सेवाशर्तींबाबत प्राधिकरणाचे दायित्व किती, हा वादाचा विषय आहे.

किनाऱ्यावरील समाज आणि पर्यावरण

बंदराचा लाभ दूरवरच्या कारखान्यांना व ग्राहकांना मिळतो, पण त्याची किंमत प्रथम किनाऱ्यावरील लोकांना मोजावी लागते. न्हावा-शेवा बंदर व नवी मुंबई यांच्या उभारणीत उरण-पनवेल भागातील आगरी व कोळी समाजाच्या जमिनी, मिठागरे आणि मासेमारीची क्षेत्रे गेली. नवी मुंबईसाठीच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये झालेल्या आंदोलनावर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात पाच शेतकऱ्यांचा मृत्यू झाला. त्या लढ्यातून प्रकल्पग्रस्तांना संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन परत देण्याचे धोरण आले.

पालघर जिल्ह्यातील डहाणूजवळच्या वाढवण बंदराचा प्रश्नही याच स्वरूपाचा आहे. न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८ मध्ये येथील बंदराच्या प्रस्तावाला नकार दिला होता. पुढे नव्या प्रस्तावाला याच प्राधिकरणाने २०२३ मध्ये अटींसह संमती दिली. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे ७६,२२० कोटी रुपयांच्या प्रकल्पास मान्यता दिली. त्यात जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा ७४ टक्के आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६ टक्के वाटा आहे. मोठ्या जहाजांना लागणारी नैसर्गिक खोली येथे उपलब्ध आहे, हा प्रकल्पाच्या बाजूचा मुख्य मुद्दा आहे. तर मासेमारीची हानी आणि किनाऱ्याची धूप ही स्थानिक मच्छीमार संघटनांची मुख्य हरकत आहे. मुरगाव येथे कोळशाच्या धुळीविरुद्ध वास्को परिसरातील नागरिकांनी आंदोलने केली आहेत.

समकालीन स्थिती

१८७३ मध्ये मुंबईचा किनारा कंपनीच्या हातून काढून विश्वस्तांकडे सोपवण्यात आला. त्यानंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी धक्के पुन्हा कंपन्यांना चालवण्यास देण्यात येऊ लागले. मात्र दोन्ही काळांतील व्यवस्था सारख्या नाहीत. भूस्वामी पद्धतीत जमीन व जलमार्ग सार्वजनिक राहतात आणि करार संपल्यावर टर्मिनल प्राधिकरणाकडे परत येते. त्यामुळे आजच्या बंदर प्राधिकरणाचे यश त्याने स्वतः किती टन माल उतरवला यापेक्षा करार किती चोख केले, त्यांच्या पालनावर किती लक्ष ठेवले आणि व्यापारी, कामगार, मच्छीमार व शहर यांच्या हितांचा तोल कसा राखला, यावर अधिक अवलंबून आहे. ‘विश्वस्त’ हा शब्द संस्थेच्या नावातून गेला असला, तरी त्यातील जबाबदारी कायम आहे.